बावीस हसऱ्या ताटल्या

१३ जून, शनिवार

ही वही शाळेच्या कपाटातली. हजेरीसाठी होती, पण हजेरी आता फोनवरच लागणार, म्हणून म्हटलं आपणच वापरू. बोलायला घरात मोठं माणूस नाही. नवरा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासतो. साथ आल्यापासून तिथल्याच वसतिगृहात राहतो, रोग घरी आणायचा नाही म्हणून. दहा आठवडे झाले. घरात मी आणि भिंगरी. साडेचार वर्षांची आहे आणि नावासारखीच वागते. डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोपेपर्यंत. मुंगी कामाला कुठे जाते, डास आंघोळ करतो का, बाबा ज्या नळीत रोग ठेवतात तिला झाकण असतं का. आपण उत्तर दिलं नाही तर स्वतःच देते.

सोमवारपासून माझा मोठा गट फोनवर भरणार. बावीस मुलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी (उंचीने माझ्या खांद्याला लागतात), आज सगळ्यांना बजावलं की अक्षरं-आकडे मागे राहिले तरी चालतील, यंदा मुलांची मनं सांभाळायची. आणि दर शुक्रवारी त्याचा तक्ता भरून पाठवायचा. मन तक्त्यात कसं भरतात असं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही हुशार आहात, बघा काहीतरी.

मी बघितलं. तीन कागदी ताटल्या. पिवळी हसरी, निळी रडकी, लाल रागीट. वर्ग सुरू झाला की ज्याला जसं वाटत असेल तशी ताटली त्याने तोंडासमोर धरायची, मी मोजून लिहायचं. आणि ज्याची रडकी किंवा रागीट, त्याच्या घरी वर्ग संपल्यावर लगेच फोन. नुसतं मोजून हात झटकणाऱ्यांतली मी नव्हे. नमुन्याच्या ताटल्या भिंगरीने रंगवल्या. हसरीला तिने बत्तीस दात काढलेत, त्यातले चार ओठाबाहेर.

खरं तर यंदा तीही माझ्याच गटात येणार होती. दप्तर भरून बसली होती. पण फोन एकच, त्यावर मी शिकवणार की ही शिकणार? मी म्हटलं, तुझी बाई घरातच आहे, तुला मागाहून वेगळं शिकवीन.

१५ जून, सोमवार

नऊ हसऱ्या, नऊ रडक्या, चार रागीट. म्हणजे तेरा घरी फोन. घसा बसला, पण समाधान वाटलं. पहिल्याच दिवशी मुलं इतकी मोकळी झाली.

एक मुलगा आहे, उकाड्यातही लोकरीची टोपी घालून बसतो. मी त्याला टोपीच म्हणते. त्याची रडकी होती. त्याच्या वडिलांना फोन केला तर म्हणाले, घरी सगळं व्यवस्थित आहे बाई, पोराला नाटकं करायची सवय आहे. फोन ठेवता ठेवता त्यांनी टोपीला मोठ्याने हाक मारलेली ऐकू आली. निदान दखल तरी लगेच घेतली.

भिंगरीला शिकवायचं आज राहून गेलं.

१७ जून, बुधवार

लाजेने मेले आज. वर्ग चालेल इतकी रेंज फोनला फक्त स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत. तिथे स्टूल टाकून बसले होते. गाणं ऐन रंगात आलेलं आणि भिंगरी आली, कमरेखाली काही नाही, आणि ओरडली, आई, झाली. बावीस घरांतली मिळून साठेक माणसं हसली असतील. टोपीची आजी तर पदर तोंडाला लावून पडद्याबाहेरच गेली.

दुपारी भिंगरीला समोर बसवलं आणि नियम सांगितला. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला लाल फडकं बांधलेलं असेल तोवर दार उघडायचं नाही, हाक मारायची नाही, आवाज करायचा नाही. काही झालं तरी.

"शी आली तर?"

"धरून ठेवायची."

"पडले तर?"

"पडायचंच नाही."

"आग लागली तर?"

"तिला म्हणायचं, आईचा वर्ग संपेपर्यंत थांब."

यावर दोघी खूप हसलो. मग तिने दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, फडकं काढलं की बोललं तर चालेल ना. चालेल म्हटलं.

२६ जून, शुक्रवार

तक्ता पाठवला. सतरा हसऱ्या, चार रडक्या, एक रागीट. पंधरवड्याच्या आत सतरा! मोठ्या बाईंचा लगोलग फोन आला, दुसऱ्या गटांचं रडगाणं अजून चालूच आहे, तुमचं काय गुपित आहे म्हणाल्या. मी म्हटलं, पाठपुरावा.

गुपित म्हणजे तरी काय, घरच्यांना जाग आणायची. आता मी फोन केला की बरेच पालक आधीच म्हणतात, कळलं बाई, समज दिली आहे. टोपी तर आता सर्वांच्या आधी हसरी धरतो, अगदी फोनला चिकटवून. काल एका मुलीने, दोन वेण्या घालते ती, निळी धरली होती. फोन केला तर कळलं, तिचे आजोबा मंगळवारी गेले. कोणाला जाऊ दिलं नाही, शेवटचं पाहूही दिलं नाही. तिची आई रडत म्हणाली, बाई, तिने सगळ्यांसमोर असं दाखवायला नको होतं, तिला सांगते मी. आज दोन वेण्यांनी हसरी धरली. या वयात मुलं किती पटकन सावरतात. आपण मात्र धरून बसतो.

भिंगरी फडक्याचा नियम अगदी तंतोतंत पाळते. मी बाहेर येते तेव्हा दारासमोर भिंतीला टेकून बसलेली असते. किती वेळ बसली होतीस विचारलं तर म्हणाली, सगळा.

४ जुलै, शनिवार

नवऱ्याला आता शनिवारी अकरा वाजता दहा मिनिटं इस्पितळाबाहेर पडायला मिळतं. तो रस्त्यापलीकडे बंद न्हाव्याच्या दुकानासमोर उभा राहतो. बाहेरच्या खोलीची खिडकी उंच आहे, म्हणून मी खाली दुसरं स्टूल लावते, भिंगरीला त्यावर उभं करते आणि मागून धरते. पहिल्या शनिवारी ती इतक्या मोठ्याने ओरडली होती की वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन खाली डोकावले. आज ओरडली नाही. बत्तीस दातांची ताटली तोंडासमोर धरून उभी राहिली. तो खालून हात हलवतोय, नाचून दाखवतोय, मुखपट्टी खाली करून जीभ काढतोय. ताटली काही हलली नाही.

मी त्याला फोनवर म्हटलं, बघ, किती गोड दिसतेय.

"तिचं तोंड बघू दे ना मला," तो म्हणाला.

ती ताटली खाली घेईना. मग त्याची वेळ संपली. संध्याकाळी पुन्हा फोन, ही बोलत का नाही? मी कानाशी फोन लावतो तर नुसता श्वास ऐकू येतो. मी म्हटलं, शहाणी झाली आहे तुझी मुलगी, तुला तिचा कलकलाट हवा असेल तर घरी येऊन रहा. लागलं असेल त्याला. पण दोन खोल्यांत चोवीस तास मी आहे, तो नाही. प्रयोगशाळेत नळ्या मोजणं वेगळं आणि मूल वाढवणं वेगळं. मीही काही लोखंडाची नाही.

१३ जुलै, सोमवार

आठवड्याभरात तिसऱ्यांदा चादर धुतली. रात्रीचं दूध बंद करते.

२१ जुलै, मंगळवार

बावीसपैकी बावीस!

मी दोनदा मोजल्या. सगळा पडदा पिवळा. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. पाच आठवड्यांपूर्वी याच मुलांनी तेरा फोन करायला लावले होते. मोठ्या बाईंनी पडद्याचा फोटो मागवून घेतला आणि संस्थेच्या कार्यालयात पाठवला. तासाभरात परत फोन. एक ऑगस्टला संस्थेच्या सगळ्या शाखांच्या शिक्षिकांसमोर मी बोलायचं, विषय 'मुलाचं मन ओळखावं कसं'. शनिवारी साडेदहा ते बारा. चौदा वर्षं मुलांची नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या, आजवर कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुम्हाला काय वाटतं.

भिंगरीला सांगितलं तर तिने नुसती मान हलवली. हल्ली ती फडकं नसतानाही बोलत नाही फारशी. पाणी हवं असेल तर पेला आणून समोर ठेवते. काही विचारलंच तर कानाशी येऊन कुजबुजते. मुंगी, डास सगळे बंद झाले. पोस्टमनकाका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, बाई, तुमची छोटी गावाला पाठवलीत का, हल्ली आवाज येत नाही. मला हसू आलं. म्हटलं, घरातच आहे, वळण लागलंय. ते माझ्याकडे बघत राहिले. एकट्या माणसांना दुसऱ्याच्या घरातला आवाज लागतो बहुतेक.

तरी काल मुद्दाम जवळ घेऊन विचारलं, भिंगरे, तुला काही होतंय का? ती उठली, ताटली घेऊन आली आणि तोंडासमोर धरली. हसरी. म्हणजे काळजीचं कारण नाही.

३० जुलै, गुरुवार

भाषणाची तयारी. तीनदा मोठ्याने वाचून झालं, पंचाहत्तर मिनिटं भरतात. नवऱ्याला कळवलं, या शनिवारी येऊ नकोस, मला अकराला मधेच उठता येणार नाही. तो बरं म्हणाला.

निळा रंग संपलाय. नाही तरी लागत नाही.

२ ऑगस्ट, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मी याचं वेगळंच काहीतरी करीन, स्वतःला सोयीचं. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

काल सव्वादहाला भिंगरीला बाहेरच्या खोलीत चित्रांचं पुस्तक देऊन बसवलं. सांगितलं, आज आईचं मोठं काम आहे. कडीला फडकं बांधलं, दार लावलं. दीडशे शिक्षिका होत्या. मी चांगलं बोलले. ते खोटं कशाला लिहू, चांगलं बोलले. अकराच्या सुमाराला कुठेतरी धप्प आवाज झाला. मला वाटलं वरच्या पोस्टमनकाकांनी काही पाडलं. तेव्हा मी कुठलं वाक्य बोलत होते तेही लक्षात आहे. मूल रडतं तेव्हा ते आपल्यावर विश्वास टाकत असतं, म्हणून रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्या मुलाकडे आधी बघा. हे माझंच वाक्य. पुस्तकातलं नाही. मी ते पाठ केलं होतं.

शेवटी प्रश्न झाले, कौतुक झालं. बाराला पाच मिनिटं होती. दार उघडलं.

भिंगरी समोर भिंतीला टेकून बसली होती, नेहमीच्या जागी. उजवा हात मांडीवर, आणि तो मनगटाच्या वर जिथे वाकायला नको तिथे वाकलेला. तोंड दिसत नव्हतं. डाव्या हाताने तिने ताटली धरली होती, बत्तीस दातांची, आणि ती ताटली थरथरत होती. मागे खिडकीखाली स्टूल आडवं पडलं होतं.

मी काय बोलले आठवत नाही. तिने ताटलीच्या कडेवरून माझ्याकडे नाही, दाराच्या कडीकडे बघितलं.

"आई, फडकं अजून आहे," ती कुजबुजली.

मी फडकं ओढून काढलं. तेव्हा कुठे ती रडली. असं रडणं मी तिच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं.

पोस्टमनकाका अनवाणी धावत खाली आले. त्यांनीच गाडी बोलावली, तिला उचलून त्यांनीच बसवलं, अंतर ठेवायचं वगैरे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही. इस्पितळात हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी पडली. म्हटलं, तासभर झाला असेल. तुम्ही कुठे होतात? घरातच. मग ऐकू नाही आलं? मी म्हटलं, ती ओरडली नाही. त्यांनी हाताचा एक्स-रे परत उजेडात धरून बघितला. दोन्ही हाडं मोडली आहेत, म्हणाले. असं मोडलं की मोठी माणसं ओरडतात.

नवरा प्रयोगशाळेतून खाली आला होता, पण त्याला काचेच्या पलीकडेच थांबावं लागलं. फोनवर बोललो, चार हातांवर उभे राहून.

"स्टूल कशाला लावलं तिने?"

"शनिवार होता. तू दिसशील म्हणून."

"मी येणार नाही हे सांगितलं नव्हतंस तिला?"

मी सगळ्यांना काही ना काही सांगितलं होतं. त्याला, मोठ्या बाईंना, दीडशे शिक्षिकांना. तिला तेवढं सांगितलं नव्हतं. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने काचेला हात लावला आणि तो तसाच ठेवून भिंगरीकडे बघत राहिला. ती प्लास्टर घालून घेत होती. डॉक्टर दर वेळी विचारत होते, दुखतंय का बाळ, आणि ती नाही म्हणून मान हलवत होती.

घरी आल्यावर जुने तक्ते काढले. नऊ, सतरा, बावीस. प्रत्येक निळ्या ताटलीमागे माझा एक फोन. त्या प्रत्येक फोनमागे काय झालं असेल ते आता मला न विचारताही कळतं. माझ्या घरात तर फोनचीही गरज पडली नाही.

७ ऑगस्ट, शुक्रवार

तक्ता पाठवला नाही. मोठ्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं, ताटल्या बंद करू या, हे मोजमापच खोटं आहे. मुलं हसत नाहीत, ती फोन टाळतात. त्यांनी ऐकून घेतलं. भिंगरीची चौकशी केली, खरोखर मनापासून केली. मग म्हणाल्या, मुलगी स्टुलावरून पडली त्याला तुम्ही किंवा ताटल्या काय करणार, मनाला लावून घेऊ नका. आणि ताटल्यांचं पत्रक परवाच सगळ्या शाखांना गेलंय. अकरा शाखा. "चांगली चाललेली गोष्ट कशाला मोडायची?" म्हणाल्या.

पत्रकावर माझं नाव आहे.

१० ऑगस्ट, सोमवार

आज वर्ग बाहेरच्या खोलीत घेतला. रेंज येत-जात होती, म्हटलं येऊ दे, जाऊ दे. फडकं परवा शनिवारी केराच्या टोपलीत टाकलं होतं. काल सकाळी ते परत कडीला दिसलं. डाव्या हाताने गाठ मारता आली नाही म्हणून नुसतं अडकवलं होतं तिने. मी काढलं, फाडलं, बाहेर नेऊन टाकलं. आज भिंगरीला शेजारी बसवलं, फोनमध्ये दिसेल अशी. प्लास्टर मांडीवर, ताटली हाताशी. ती ताटली मी मागितली तर देत नाही.

मुलांना म्हटलं, आज बाईंना एक चूक कबूल करायची आहे. आजपासून कुणाच्या घरी फोन करणार नाही. कुठलीही ताटली धरा. रडकी धरा, रागीट धरा, काही धरू नका. बाई कुणाला काही सांगणार नाही, कुणी रागावणार नाही. मग थांबले.

बावीस हसऱ्या. काही मुलांच्या मागे आया उभ्या होत्या, त्या कौतुकाने मान डोलवत होत्या. दोन वेण्यांची ताटली मधोमध फाटली होती, ती कोणीतरी चिकटपट्टीने जोडून दिली होती.

मला राहवलं नाही. कपाटातून निळी काढली, नमुन्याची, जूनमध्ये भिंगरीने रंगवलेली. तिच्या एका डोळ्यातून सहा थेंब आणि दुसऱ्यातून एकच, कारण तेवढ्यात भिंगरीला जेवायला हाक मारली होती. ती मी तोंडासमोर धरली आणि म्हटलं, बाईंना आज असं वाटतंय.

कुणी हललं नाही. मग टोपीने आपली ताटली जराशी खाली केली. एवढ्या दिवसांत त्याचं तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं. गालाचं हाड वर आलेलं, डोळे माझ्याकडे नाही, मागे वडील आहेत का ते बघणारे. फोनच्या अगदी जवळ येऊन तो हळूच म्हणाला,

"बाई, ती खाली ठेवा. नाही तर तुमच्या घरी फोन जाईल."

तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी लागलं. भिंगरीने डाव्या हाताने निळी ताटली माझ्या बोटांतून सोडवून घेतली, मांडीखाली लपवली आणि बत्तीस दातांची माझ्या हातात दिली. मग माझं मनगट धरून तिने ती नीट माझ्या तोंडासमोर आणली.